तुटण्याचा आवाज

श्रावण लागला की आमच्या डिचोलीत मिठाला पाणी सुटतं. बरणीत तांदूळ टाकून ठेवा, फडक्यात गुंडाळून ठेवा, ते ऐकत नाही. काडेपेटीची काडी ओढावी तर गूल सोलून निघतो आणि नुसतं लाकूड हातात राहतं. सकाळी पाववाला पोदेर देऊन गेलेला कडक उंडो पाव दुपारी चामट होतो. दोरीवरच्या कपड्यांना वाळण्याआधीच वास लागतो. बाकीचे लोक या दिवसांत गणपतीवर टांगायच्या माटोळीला कोणती फळं-पानं मिळतील याची बोलणी करतात, आणि मी बोटाने भिंत चाचपून ओल कुठवर चढली ते बघत राहते. पूर्वी मी अशी नव्हते.

मी पणजीकडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. माझी प्रयोगशाळा वस्तू मोडण्याची आहे. लोखंड, पोलाद, पितळ, प्लास्टिक, जे येईल ते आम्ही ओढतो, वाकवतो, ठोकतो, आणि किती सोसून ते तुटलं ते लिहून ठेवतो. विद्यार्थ्यांना सगळ्यांत आवडतं ते लोलकाचं यंत्र. एक जड हातोडा, लांब दांड्याला लावलेला. तो एका बाजूने वर उचलून अडकवायचा. खाली, त्याच्या वाटेवर, करंगळीएवढी पोलादाची चौकोनी पट्टी ठेवायची. पट्टीच्या मधोमध एक बारीक खाच मुद्दाम केलेली असते. मग हातोडा सोडायचा. तो झोकात येतो, पट्टी मोडतो आणि दुसऱ्या बाजूला वर जातो. पट्टीने जितकी ताकद खाल्ली तितका तो कमी वर जातो. चिवट पट्टी हातोड्याला दमवते. ठिसूळ पट्टी त्याला जवळजवळ अडवतच नाही.

गेल्या आठवड्यात हेच प्रात्यक्षिक होतं. पुढे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कठीण आणि चिवट म्हणजे एकच ना?" मी म्हटलं, "नाही. काच कठीण असते. वेत चिवट असतो." हे वाक्य मी दर वर्षी सांगते. या वेळी ते सांगून झाल्यावर मला पुढचं सुचेना. बाहेर पाऊस एकसुरी पडत होता, तेलाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास खोलीत कोंडला होता. मुलं माझ्याकडे बघत होती. काही वर्षांपूर्वीच्या एका श्रावणातही खोलीत असाच वास होता, आणि टेबलावर माझ्या दादाच्या हातचा वेल्डिंगचा जोड पडला होता.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. खाणीच्या वर्कशॉपात वेल्डिंग शिकला, तिथेच त्याची उमेदीची वर्षं गेली. खाणी बंद झाल्या तेव्हा तो काही महिने नुसता घरी बसला होता. मग साखळी गावच्या रस्त्याला पत्र्याची शेड घालून त्याने स्वतःचं काम सुरू केलं. गेटं, ग्रिलं, ट्रकांच्या बॉड्या, पुढे पुढे शेडांचे मोठे सांगाडेही. तो डावखुरा आहे. वेल्डिंगचा जोड जवळून बघितला तर त्यावर लाटांसारख्या बारीक वळ्या दिसतात. सगळ्यांच्या वळ्या एका अंगाला झुकलेल्या असतात, दादाच्या दुसऱ्या अंगाला. लहानपणी मी त्याच्या शेजारी काळी काच डोळ्यांवर धरून बसायची आणि त्या वळ्या एकामागून एक उमटताना बघायची. मी या विषयाकडे वळले त्याचं कारण तेच असावं.

त्या वर्षी पेडण्याच्या सड्यावर, उघड्या पठारावर, एका मोठ्या गोदामाचं काम चाललं होतं. कंत्राटदाराला गणेशचवथीच्या आत सांगाडा उभा करून हवा होता, कारण चवथीला माणसं घरी गेली की लवकर परतत नाहीत. सांगाड्याच्या तुळया दादा करत होता. तुळई क्रेनने उचलायची तर तिच्या पाठीवर कान जोडावे लागतात. कान म्हणजे भोक पाडलेला जाड पोलादी तुकडा, त्यात क्रेनचा दोर अडकतो. ते कान दादाने खाणीच्या भंगारातल्या एका जाड प्लेटीतून कापले. माती उपसणाऱ्या यंत्राच्या तळाची ती प्लेट, वर्षानुवर्षं दगड घासूनही न झिजलेली. मी एकदा शेडवर गेले होते तेव्हा त्याने तिच्यावर पंजा आपटून मला सांगितलं होतं, "ह्या लोखंडाक मरण ना."

तुळया पेडण्याला गेल्या. क्रेनवर मांद्र्याचा गुरुदास होता. खाली दोर बांधून त्याला हाताने इशारे करणारा सदानंद, दोडामार्गकडचा. दोघं कित्येक वर्षं जोडीने काम करत. लोक सांगत, त्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागत नाही, सदानंदाचं बोट हललं की गुरुदासाच्या हातातली दांडी हलते. पहिल्या तुळया नीट चढल्या. मग एक तुळई जमिनीपासून थोडी उठली असताना तिचा एक कान तुटला. तिचं मोकळं टोक फिरलं आणि सदानंदाच्या पायावर आलं.

पाय गेला. गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

तुळई एका बाजूने लोंबकळली तेव्हा क्रेनमध्ये गुरुदास होता, त्यामुळे पहिला शब्द त्याच्यावर आला. हिसका दिला असणार. घाई केली असणार. कोणी म्हणालं रात्री प्यायला होता, तेही पसरलं. त्याला कामावरून काढलं, पोलिसांनी बोलावून घेतलं. तो इस्पितळात सदानंदाला बघायला गेला तर सदानंदाने भिंतीकडे तोंड फिरवलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी त्या दोघांनाही ओळखत नव्हते. मला फक्त दादाचा चेहरा दिसत होता. तो माझ्याकडे जेवायला आला की ताटातला भात नुसता चिवडत बसायचा, आणि मध्येच कोणी न विचारताच म्हणायचा, "म्हजो जोड सुटूंक ना. कान मोडलो. हिसको दिल्यार कोणाचोय कान मोडटलो."

तुटलेला कान तपासायला पोलिसांकडून आमच्याकडे आला. प्लास्टिकमध्ये ठेवून वर गोणपाटात बांधलेला. सोबत त्याच कामातले न तुटलेले काही कानही, तुळयांवरून कापून आणलेले. गोणपाट सोडलं आणि मला उलट्या अंगाला झुकलेल्या वळ्या दिसल्या.

आमचे विभागप्रमुख सहसा कमी बोलतात. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. मी त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. "सर, हा जोड माझ्या भावाचा आहे."

त्यांनी चष्मा काढला. "खात्री आहे?"

"हो."

"मग तू याला हात लावायचा नाही. आकडे बघायचे नाहीत. मी स्वतः करीन." थोडं थांबून म्हणाले, "आणि रिपोर्ट जाईपर्यंत घरी एक अक्षर बोलायचं नाही. जमेल?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते!

पण गोणपाट सोडताना मी जे पाहिलं होतं ते काही डोळ्यांतून काढून ठेवता येत नव्हतं. कान जिथे तुटला होता तो काप दोन रंगांचा होता. बराचसा भाग चकचकीत, जाड्या मिठासारखे कण चमकणारा. ठिसूळ पोलाद तुटतं तेव्हा असं दिसतं. चिवट पोलाद राखाडी, तंतुमय, ओढाताण होऊन तुटतं. पण जोडाच्या कडेला, नखाच्या आकाराचा एक भाग चमकत नव्हता. तो तांबूस होता. गंजलेला. तुळई पडली, कान तुटला, आणि लगेच तो उचलून प्लास्टिकमध्ये ठेवला होता. गंजायला वेळ लागतो. म्हणजे तो भाग आधीच फाटलेला होता. गुरुदासाने दांडीला हात लावण्याच्या कित्येक दिवस आधी तिथे तडा होता आणि त्यात पावसाचं पाणी मुरत होतं.

पाणी लोखंडाला बाहेरून खातं हे शेंबडं पोरही सांगेल. ते आतूनही फोडतं हे सांगावं लागतं. वेल्डिंगचे रॉड, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या कांड्या, ओले असले की जाळात त्या ओलीतला हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या पोलादात शिरतो. जोड गार होतो. वरून बघा, ठोकून बघा, उत्तम दिसतो. मग काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, कोणी हातही लावलेला नसताना, कडेला बारीकसा तडा जातो. पोलाद जितकं कठीण तितकी भीती जास्त. झीज सोसायला बनवलेली ती प्लेट फार कठीण होती. दगडांशी घासायला ती बरोबर होती. वजन लटकवायला नव्हती.

एवढं सगळं माझ्या मनात होतं, आणि त्या संध्याकाळी दादा माझ्या घरी आला.

ओटीवर पाय पुसून आत आला, खुर्चीवर बसला. रेनकोटही काढला नाही. "तुज्या लॅबांत आयला न्ही तो तुकडो?"

"आलाय."

"मागीर?"

"मला हात लावता येत नाही."

"भाव म्हूण?"

"भाऊ म्हणूनच."

 त्याच्या रेनकोटाचं पाणी फरशीवर साचत होतं. "पूण तुवें पळयला. एक नदर घाल्या बगर तूं रावची ना, म्हाका खबर आसा. कितें दिसता तुका?"

मी एक नजर टाकलीच असणार हे त्याला ठाऊक होतं. मला वाटलं, सांगून टाकावं. सख्खा भाऊ आहे. पण मी म्हणाले, "दादा, विचारू नकोस."

यात त्याला उत्तर मिळालं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी आत जाऊन चहा घेऊन आले तेव्हा तो उठून उंबऱ्यात उभा होता. "चवथीक येतली मगे?" म्हणाला. मी म्हटलं, येणार. चहा तसाच राहिला.

चाचण्या झाल्या त्या दिवशी सरांनी मला खोलीबाहेर काढलं. त्या वेळी माझा तासही नव्हता. मी घरी जायला हवं होतं, पण पाय निघेनात. व्हरांड्यात बाकावर बसले. पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं. भिंतीपलीकडे हातोडा वर चढवल्याचा खटका ऐकू आला.

आकडे बघायचे नाहीत म्हणून सरांनी मला बाहेर ठेवलं होतं. पण इतकी वर्षं त्या यंत्राजवळ काढल्यावर कान काही बंद होत नाहीत. आधी त्यांनी साध्या, चांगल्या पोलादाच्या पट्ट्या लावल्या, यंत्र बरोबर चाललंय ना ते बघायला. धप्प. ओल्या ओंडक्यावर कोयता बसावा तसा आवाज. असल्या पट्टीचे कधी कधी दोन तुकडेही होत नाहीत, वाकून एका धाग्याला लोंबत राहतात. मग थोडा वेळ गेला, आता दादाच्या कानांतून कापलेल्या पट्ट्या लावल्या असणार. मग पुन्हा खटका, हातोड्याची सूं, आणि ठिण्ण. लख्ख, उंच आवाज. तुकडे जाळीवर जाऊन आपटल्याची टकटक. हातोडा पलीकडे वर, कितीतरी वर जाऊन परत येताना दांडा कुरकुरला. पुढची पट्टी. ठिण्ण. पुढची. ठिण्ण. मी पदर तोंडाशी धरला. एखादी तरी धप्प वाजावी म्हणून मी वाट बघत होते. एकही वाजली नाही.

सर बाहेर आले, मला बाकावर बघून थांबले.  नुसते म्हणाले, "बस सुटेल तुझी."

चवथ मध्येच आली. रिपोर्ट अजून जायचा होता. आम्ही सगळे साखळीला दादाच्या घरी जमलो. दरवर्षीसारखी माटोळी बांधायची होती. दादा शिडीवर चढला आणि मी खालून एकेक फळ त्याच्या हातात देत गेले, तोरिंजन, माट्टाची कात्रां, घागऱ्यो, सुपारीची शिपटी. तो प्रत्येक गाठ बांधली की ओढून बघायचा. पुन्हा ओढून बघायचा. वहिनी हसून म्हणाली, "गणपती हालचो ना, बांदा आतां." तो हसला नाही. आरतीला सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच असतो. त्या वर्षी तो मागे भिंतीला टेकून टाळ वाजवत होता, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. घरात मोदकांचा, उदबत्तीचा वास, पोरांचा गोंगाट. मला मात्र टाळांतसुद्धा ठिण्ण ऐकू येत होतं. एका छपराखाली बसून आपल्या माणसाबद्दल असं काही ठाऊक असणं, जे त्याला उद्या मोडणार आहे, याच्याइतकं एकटं मला कधी वाटलेलं नाही.

रिपोर्ट गेला. गुरुदासावरचा शब्द खाली आला आणि दादावर पडला. कंत्राटदाराने हात वर केले. प्लेट कोणी निवडली, रॉड कोणी वापरले, आपला काय संबंध! केस अजून चालू आहे, तारखा पडतात, दादा जातो. त्याच्या शेडमध्ये आता रॉड गरम ठेवायची विजेची भट्टी आहे, आणि उचलायच्या कामाचे कान तो करत नाही. कोणी आणलं तरी परत पाठवतो. मी सरांना विचारलं नाही, पण रिपोर्ट गेल्यावर एकदा त्यांनीच माझ्यासमोर येऊन सांगितलं होतं, "पट्टी जशी वाजली तशीच मी लिहिली." मी मान हलवली. मला त्यांचा राग आला नाही. कोणाचा यावा तेच कळत नव्हतं.

रिपोर्टनंतर थोड्याच दिवसांनी दादा म्हणाला, "म्हाका सदानंदागेर वचपाचें आसा. तूं येशी?" आम्ही त्याच्या जीपने निघालो. डोंगरातला रस्ता, दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, मध्येच पावसाची सर येऊन काच आंधळी करून जात होती.  राज्याची हद्द ओलांडल्यावर दादाने काच खाली केली आणि वर केली.

सदानंद पडवीत खाटेवर बसला होता, मांडीवर चादर. त्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी कोण, दादा कोण, ते सांगितलं. दादा उभाच होता. त्याला बस कोणी म्हटलं नाही.

"कान म्हजो," दादा म्हणाला. "जोड म्हजो. रॉड हांव पेटयेंत दवरतां, भितर बल्ब लायतां, सुके उरचे म्हूण. बल्ब गेल्लो. म्हाका खबर आशिल्लें. घाय आशिल्ली, तशेंच काम केलें. हें खंयच बरोवंक ना. पूण तें म्हाका खबर आसा."

रॉडांच्या पेटीत उबेसाठी लावलेल्या त्या बल्बाचं मला ठाऊक नव्हतं. आमचं यंत्र तडा कशाने गेला ते सांगू शकतं. शेडमध्ये एक बल्ब गेला होता आणि माणसाने तो बघूनही काम पुढे रेटलं, हे कुठल्याच कापात दिसत नाही. दादाने ते सांगितलं नसतं तर कधीच कोणाला कळलं नसतं.

सदानंद माझ्याकडे वळला. "मगे हिसको नाय होतो?"

मी म्हणाले, "नव्हता. तडा आधीच गेला होता. कोणीही उचललं असतं तरी तुटला असता."

"गुरुदासान काय्येक केल्यान नाय?"

"काही नाही."

त्याने डोळे मिटले. मग दादाला म्हणाला, "तुमी कित्या इलास? मी माफ केलंय म्हणान ऐकूक?"

"ना," दादा म्हणाला.

"तां मी सांगूचंय नाय."

दादाने मान खाली घातली. बाहेर पागोळ्या पडत होत्या. सदानंदाने उशीखालचा फोन काढला, नंबर शोधून लावला. फोन जुना होता, पलीकडची घंटी आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होती. ती वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला.

"गुरु," सदानंद म्हणाला. "मी बोलतंय."

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"चूक तुजी नाय होती रे. माका आज कळला. मी तुका कायच्या काय..."  फोन कानाला तसाच धरून तो मागे भिंतीला टेकला. त्याची बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

 मग गुरुदासाचा आवाज आला, घोगरा, लांबून आल्यासारखा.

"जेवलंस?"

"नाय," सदानंद म्हणाला. "अजून नाय."

"मगे आदी जेव. मागीर बोलूया."

दादा वळून अंगणात गेला. पावसात जीपचं दार उघडून तिथेच उभा राहिला, आत बसेना. मी सदानंदाला हात जोडले आणि निघाले. आत चूल पेटलेली होती, भाताला कढ आल्याचा वास येत होता. आमच्या मुलखात दारी आलेल्या माणसाला कोणी जेवल्याशिवाय सोडत नाही. त्या दुपारी आम्हाला कोणी थांबा म्हणालं नाही, आणि तेच बरोबर होतं. परतीच्या वाटेवर एका हॉटेलापाशी मी जीप थांबवायला सांगितली. दादा म्हणाला, "तूं खा. म्हाका भूक ना." मग आम्ही कोणीच उतरलो नाही.